प्रसादावर दिलेल्या अकरा वह्या

मास्तर, त्या म्हापशाच्या क्लासवाल्याने तुम्हांला फसवलं. आणि त्याला तुमच्या दारात घेऊन आलो तो मी.

हे आधी लिहून टाकतो, कारण काल तुमच्या बाराव्यानंतर केरीच्या शाळेत जी शोकसभा झाली, तिथे हे एक सोडून बाकी सगळं बोललं गेलं. तुम्ही साधे होता, तुम्ही कुणाला दुखवलं नाही, तुम्ही चहा बिनसाखरेचा घेत होता. एक जण तर म्हणाला, मास्तर पट्टीचे पोहणारे. आयुष्यभर खाडीच्या काठावर राहून तुम्ही गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाहीत, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाने मान डोलावली.

मग तो क्लासवाला उठला. फलक त्यानेच लावला होता. वर तुमचा फोटो, आणि खाली, अगदी तुमच्या छातीखाली, त्याच्या क्लासचं नाव आणि ‘प्रवेश सुरू’. फोटोत तुम्ही चष्म्यातून खाली बघताय, त्यामुळे त्याचा फोन नंबर वाचत असल्यासारखे दिसत होता. त्याने डोळ्यांना रुमाल लावला, तुम्हांला ‘माझं प्रेरणास्थान’ म्हटलं आणि पोरांकरवी पुस्तकं वाटली. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ठसा मारलेला, ‘कै. मास्तरांच्या स्मृतीस सप्रेम’. मुखपृष्ठावर नाव त्याचं. तुमचं पुस्तक, तुमच्याच शोकसभेत, दुसऱ्याच्या नावाने, फुकट. मी उठलो, पण तुमच्या शुभांगीने माझी बाही धरली. “भाऊ, आज नाका. बाबांचो फोटो आसा थंय.” तिच्यासाठी बसलो. चहाचा पेला तसाच ठेवून बाहेर आलो, आणि आज हे लिहितोय.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. सातवीत शाळा सोडलेला माणूस. खनिजाच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग जुने ट्रक घेऊन विकणारा. डिचोलीत माझ्याशी घासाघीस करून कुणी हसत परत गेला असं नाही. पण मुळगावच्या आमच्या विहिरी एप्रिललाच तळ दाखवायला लागल्या, खाण वाढवण्यासाठी जनसुनावणी लागली, आणि तिचा अहवाल आला तो इंग्रजीत, उशीएवढा जाड. वकिलाने वाचला आणि म्हणाला ठीक आहे. कुणासाठी ठीक आहे ते नाही सांगितलं. मी तो अहवाल तांदळाच्या पिशवीत घालून तुमच्याकडे आणला. डिचोलीच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही केरीला घरी येऊन राहिला होतात.

“मास्तर, हें माका मराठीत करून दिया,” मी म्हणालो.

“दिवचें नाय,” तुम्ही म्हणालात. “तूं शिक आणि वाच.”

“ह्या वयात?”

“जुनो ट्रक घेताना तूं वय विचारता काय इंजिन आयकता?”

मला राग आला होता, आणि तरी पुढच्या रविवारी वही घेऊन आलो. असं माझं फारसं होत नाही.

तुमची पद्धत मला आधी खुळेपणा वाटली. गोष्टीची पुस्तकं नाहीत, ‘माय नेम इज’ नाही. थेट विद्वानांचे लेख. भूजलावरचे, मातीवरचे, खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसलं की आजूबाजूच्या जमिनीचं काय होतं त्याचे. एका रविवारी एकच परिच्छेद. शब्दकोश बंद. “शेजाऱ्यापाजाऱ्यांक विचार,” तुम्ही म्हणायचात, म्हणजे आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज कर. मग वहीत लिहायचं, हा शब्द कुणाच्या संगतीत राहतो, कुणाच्या दारात जात नाही. आणि शेवटी त्या शब्दाचं आपल्या गावातलं एक वाक्य. मुळगावचं, केरीचं, बाजाराचं. डोळ्यांनी न बघितलेल्या परक्या गावचं वाक्य तुम्ही तपासतच नव्हता. “जें तुवें पळयलेंच ना, तें तूं कसें सांगतलो?”

घरात रेडिओ, शेजारी, नारळ सोलणारे. म्हणून तुम्ही मला फेरीबोटीवर न्यायचात. केरीहून तेरेखोलला, आणि न उतरता परत. जाताना वाचायचं, येताना मी सांगायचं. बोटवाले हसायचे. “मास्तर, आज बाबलोचें इंग्लिश पैलतडीक पावलें?” तुम्ही म्हणायचात, “मदीं दर्यात आसा.” त्याच बोटीवर तुम्ही मला दाखवलंत की विद्वान माणूस ‘असं आहे’ म्हणत नाही, ‘असं असावं’, ‘असं दिसतं’ म्हणतो. मी म्हणालो, हा लबाड आहे. तुम्ही म्हणालात, “लबाड नाय रे. जितलें माहीत आसा तितलेंच बोलता. तूं ट्रक विकताना बोलता त्याच्या उलटें.” आणि वहीत इंग्रजीत वाक्य घातलंत, बाबलो कदाचित खरं बोलत असावा. काकी, शुभांगीची आई, दारात उभी राहून हसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव कुठे आलंय ते तिने ओळखलं.

सुनावणीच्या दिवशी मी अहवालातला एक परिच्छेद मोठ्याने वाचला. नीट, थांबून, तुम्ही शिकवलं तसा. त्यात म्हटलं होतं की विहिरींवर ‘लक्षणीय’ परिणाम होणार नाही. मी विचारलं, लक्षणीय म्हणजे किती हात? मोजलं कुणी, आणि कुठल्या महिन्यात? खाणवाल्यांचा सूट घातलेला माणूस कागद उलटत राहिला. पुढे काय झालं ते मुळगावला माहीत आहे, आम्हांला हवं तसं झालं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्याला आमच्यासाठी उत्तर शोधावं लागलं. मागच्या बाकावर तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणालात, “दुसरें वाक्य घाईन वाचलें.” मला ते ऐकून केवढा आनंद झाला होता, ते मी तुम्हांला कधी सांगितलं नाही.

अशा शब्दांच्या आणि वाक्यांच्या तुमच्या अकरा वह्या झाल्या होत्या. माझ्या आधीच्या तुमच्या कितीतरी विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या. शेवटच्या तीन काकीच्या हातच्या, कारण तुमचा हात थरथरायला लागला होता. तुम्ही पाटीवर लिहायचात, ती वहीत उतरवायची. एकेक अक्षर, रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं. अर्थ ठाऊक नाही, आणि एक चूक नाही. ती गेली तेव्हा अकरावी वही अर्धी होती. तुम्ही ती तशीच ठेवलीत.

आता माझं पाप. क्लासवाल्याला मी जुनी बस विकली. पोरांना ने-आण करायला. घासाघीस छान करत होता, इंग्रजी फर्डं बोलत होता, माझ्या डोळ्यांत भरला. आणि मी बढाई मारली. आमच्या मास्तरांकडे अकरा वह्या आहेत, असं पुस्तक बाजारात नाही. त्याचे डोळे कसे झाले ते मी बघितलं होतं. गिऱ्हाईकाचे डोळे मला कळतात. तरी दुसऱ्या रविवारी त्याला घेऊन केरीला आलो. पुस्तक निघेल, मास्तरांचं नाव होईल, हे खूळ माझ्या डोक्यात बसलं होतं. तुमच्या डोक्यात नव्हतं. तुम्हांला फक्त वाटत होतं की शाळांपर्यंत जावं.

मी वकिलाकडून करार टाईप करून आणला होता. पहिलं कलम, मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव. दुसरं, वह्या तीन महिन्यांत परत. तो कागद बघून क्लासवाल्याने कानाला हात लावले. “गुरुजींशी कागद? मला लाज वाटेल.” आणि तुम्ही विरघळलात.

“देवाक विचारुया,” तुम्ही म्हणालात.

“देवाक विचारा, पण सही ह्याची घेया,” मी म्हणालो.

“देवाच्या पुढ्यात शब्द दिलो, मागीर कागद कित्याक? तूं देवाक साक्षीदार धरिना काय?”

तेव्हा गेलो देवळात. भटाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, नारळ ठेवला आणि तुमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं की हे पुस्तकाचं काम सिद्धीस जाणार असेल तर उजवा प्रसाद दे. आम्ही तिघे हात जोडून उभे. उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. क्लासवाला तुमच्या पाया पडला, म्हणाला, “तुमचं नाव वर, माझं खाली, बारीक अक्षरात.” अकराही वह्या त्याच दिवशी त्याच्या हाती गेल्या. आणि खरं सांगतो मास्तर, मीही निर्धास्त झालो. टायर घेतानाही बिल मागणारा माणूस मी. तो कागद देवळात खिशातून काढला नाही, घरी बायकोने गोडाचा डबा त्यावर ठेवला तेव्हाही काही वाटलं नाही.

नंतर कळलं, देव खोटं बोलला नव्हता. काम सिद्धीस गेलं. आम्ही विचारलं होतं पुस्तक होईल का. कुणाच्या नावाने होईल, हे आम्हां तिघांपैकी कुणी विचारलंच नाही. नाही, चुकलो. तिघांपैकी एकाला ते विचारायचं नव्हतं.

पुस्तक टपालाने आलं ते पावसात. तुम्ही फोन केला नाहीत, मी रविवारी आलो तेव्हा तुम्ही खिडकीशी बसून ते वाचत होता, हातात पेन्सिल. मी मुखपृष्ठ बघितलं. मग आभाराचं पान बघितलं. तुमचं नाव तिथे होतं, छपाईवाल्याच्या खाली, ‘केरी येथील एक ज्येष्ठ हितचिंतक’. नाव म्हणजे नावही नव्हतं. मी आत चाळलं. वाक्यं तुमचीच, उदाहरणांचा क्रम तुमचा, कोणता शब्द कुणाच्या दारात जात नाही तेही तुमचं. फक्त गावं बदललेली. आपली फेरीबोट लंडनच्या नदीवर नेऊन सोडलेली. मुळगावच्या विहिरीचं ‘एक ग्रामीण जलस्रोत’ झालेलं. आणि बाबलोचा रॉबर्ट केलेला. रॉबर्ट कदाचित खरं बोलत असावा!

मी ओरडायला लागलो. तुम्ही म्हणालात, “बस. पान बेचाळीस पळय. हांगा त्यान चूक केल्या.”

मला आधी कळेना. मग दिसलं. तुम्ही पुस्तक वाचत नव्हता, तपासत होता. पानापानांवर पेन्सिलच्या खुणा. शेजारी कागदावर यादी. छपाईच्या चुका, उतरवताना गाळलेले शब्द, त्याने स्वतःच्या अकलेने घातलेली चुकीची स्पष्टीकरणं. लंडनच्या नदीसमोर लिहिलं होतं, ‘तिथे अशी बोट आहे काय, खात्री करावी.’ यादी तुम्ही त्याला पाठवणार होता. दुसऱ्या आवृत्तीसाठी.

मास्तर, मी भंगाराच्या धंद्यात वावरलेला माणूस. ट्रकचे नंबर खरवडणारे बघितलेत, दुसऱ्याचं इंजिन आपलं म्हणून विकणारे बघितलेत. पण चोरीला गेलेला ट्रक नीट चालावा म्हणून चोराला तेलपाणी करून देणारा मालक मी पहिल्यांदा बघितला. मी तुम्हांला तोंडावर म्हणालो, “तुमका लज ना?”

तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, “पोरां तें वाचतलीं रे. चुकीचें वाचतलीं.”

“आणि वह्यो? त्यो खंय आसात?”

“परत दितलो म्हणालो तो.”

“काकीच्या हातचीं अक्षरां आसात त्यांत.”

तुमच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलून द्यायला हवी होती. मी दार आपटून निघून गेलो.

सात रविवार मी आलो नाही. का, ते तुम्हांला आज सांगतो, कारण ऐकायला तुम्ही नाही. सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो हरतो, हे माझ्या हाडात बसलंय. मी वाट बघत होतो की तुम्ही फोन कराल आणि म्हणाल, बाबलो, तुझं बरोबर होतं. इतकंच. मग मी धावत आलो असतो, आणि त्याच्या क्लाससमोर ट्रक आडवा लावला असता. तुम्ही वाट बघत होता का? शुभांगी म्हणते, शेजाऱ्यांनी बघितलंय, बाबा दर रविवारी दुसरी खुर्ची बाहेर काढून ठेवायचे. मी तिला म्हटलं, असेल कुणासाठी. ती म्हणाली, “भाऊ, तुमी मुद्दाम करतात काय खरेंच कळना?”

आठव्या शनिवारी सकाळी पदेराने पाव घेऊन येऊन दारात भोंपू वाजवला आणि तुम्ही बाहेर आला नाहीत. मग शेजाऱ्यांनी दार उघडलं.

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मेल्यावर माणूस देवमाणूस होतो हा काल सभेत चाललेला धंदा मला जमणार नाही. तुम्ही चुकलात. तुम्हांला वाटायचं, विद्या बाहेर गेली म्हणजे झालं, ती कुणाच्या नावाने गेली यात काय आहे. त्यात पुष्कळ आहे. तुमच्याकडे पेडण्या-डिचोलीतून पोरं यायची, त्यांना कळलं असतं की असलं पुस्तक केरीच्या माणसाने केरीत बसून केलं. आता त्यांना वाटणार, हे सगळं म्हापशाच्या वातानुकूलित खोलीत जन्मतं आणि आपण पैसे भरून ते आणायचं असतं. त्या पोरांचं तुम्ही नुकसान केलंत. पान बेचाळीसवरच्या चुकीपेक्षा ते मोठं होतं.

आणि तरी, काल सभेतून घरी येऊन मी काय केलं ठाऊक आहे? भूजलावरचा एक लेख काढला, शब्दकोश न उघडता एक परिच्छेद वाचला. सगळा समजला. कुठे लेखकाला माहीत आहे आणि कुठे तो अंदाज करतोय तेही समजलं. सातवी शिकलेल्या माणसाला तुम्ही हे दिलंत आणि कधी बोलून दाखवलं नाहीत. मी वाक्य करायला वही उघडली. आपल्या गावचं वाक्य. ते तपासणारं कुणी नाही. वही मिटली.

शुभांगीने तुमचं कपाट काल उघडलं होतं. तिला दुसरं काही नको. पुस्तकावर कुणाचं नाव आहे याचंही तिला पडलेलं नाही, ती तुमचीच मुलगी. तिला आईचं अक्षर हवंय. काकीने आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही, पत्रसुद्धा नाही. तिच्या हातचं जे काही जगात आहे ते त्या तीन वह्यांत आहे. शुभांगीने सभेनंतर त्याला गाठून विचारलं, सर, आमच्या वह्या? तो म्हणाला, “बघायला पाहिजे हं. शिफ्टिंगमध्ये कुठे गेल्या असतील.” आणि तिच्या हातात पुस्तकाची एक प्रत दिली. आईच्या अक्षराच्या बदल्यात ते छापील चोपडं. ती घेऊन उभी राहिली बिचारी, कारण तुम्ही तिला कुणाला नाही म्हणायला शिकवलं नाहीत.

यापुढचं तुमच्यासाठी नाही, मास्तर. तुम्ही मध्ये पडाल, म्हणाल जाऊ दे. जाऊ देणार नाही. मला त्याच्याशी बोलायचं आहे.

ऐक रे. वकिलाने मला सांगितलंय की कागद नाही, वह्या नाहीत, तुझ्याविरुद्ध दाखवायला माझ्याकडे काही नाही. बरं. मी कोर्टात येत नाही. तू केरीला ये. दिवसाढवळ्या, तुझी बस घेऊन, तुझी सगळी पोरं घेऊन. मास्तरांच्या अंगणात, शुभांगीसमोर उभा राहा. तिथे मी, आणि मास्तरांकडे शिकलेले जेवढे येतील तेवढे असू. रुमाल आणू नको, भाषण आणू नको. दोनच गोष्टी विचारणार आहे, इंग्रजीत हव्या तर इंग्रजीत विचारतो, आता मला येतं. ज्या माणसाने तुझ्या चुका मरेपर्यंत दुरुस्त केल्या, त्याचं नाव मुखपृष्ठावरून तू कुठल्या दिवशी काढलंस? आणि एका बाईने समजत नसताना चित्रासारखी काढलेली अक्षरं, ती तू कुठे टाकलीस?

हातवारे करू नको. शुभांगीकडे बघ आणि उत्तर दे.